गळतं कुठं, टपकतं कुठं!

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक मासेमारी बंद असते. त्याआधीच होड्या वाळूवर ओढून घेतलेल्या असतात. मुंबईच्या बंदरातल्या शिडाच्या छोट्या नौकाही मेअखेर पाण्याबाहेर येतात. मग कोणी झापं घालतं, कोणी निळी ताडपत्री ताणतं, तर कोणी मापाने शिवून घेतलेलं कॅनव्हासचं आवरण चढवतं. कोकणात हंगामात अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. या आवरणाच्या प्रत्येक चौरस मीटरवर अडीच-तीन टन पाणी येऊन जातं. ऑगस्टमध्ये आवरण काढलं की आत बुरशीचा वास येतो, तळाशी ओंजळभर पाणी साचलेलं दिसतं. खापर फुटतं ते कापडावर. माझ्या मते दहातल्या नऊ वेळा कापड निर्दोष असतं.

कापड पाणी कसं अडवतं? कॅनव्हास हे विणलेलं कापड आहे, म्हणजे त्याला भोकं आहेतच. उभ्या-आडव्या धाग्यांमधल्या फटी डोळ्यांना दिसत नाहीत, इतकंच. धाग्यांवर मेणाचा किंवा तशाच पाणी झटकणाऱ्या रसायनाचा लेप असेल, तर पाणी त्यांना चिकटत नाही आणि प्रत्येक फटीच्या तोंडाशी त्याचा पृष्ठभाग फुगीर होऊन थांबतो. पृष्ठताणामुळे तो फुगवटा आत शिरायला विरोध करतो. थॉमस यंग आणि लाप्लास यांनी १८०५-०६ च्या सुमारास या विरोधाचं गणित मांडलं. भोक जितकं लहान, तितका विरोध मोठा. मेणासारख्या लेपावर ०.१ मिलिमीटरचं भोक सुमारे १० सेंटिमीटर उंचीच्या पाण्याचा दाब पेलतं. भोक १ मिलिमीटरचं झालं की तेच बळ १ सेंटिमीटरवर येतं.

आता शिलाई मशीनची सुई पाहा. जाड कॅनव्हाससाठी वापरतात त्या ११० नंबरच्या सुईची जाडी १.१ मिलिमीटर असते. सुईचा नंबर म्हणजे तिच्या जाडीची मिलिमीटरच्या शंभराव्या भागातली मोजणीच. म्हणजे शिवणाऱ्याने मारलेली प्रत्येक टीप ही कापडाच्या मूळ फटींपेक्षा कितीतरी मोठ्या भोकांची रांग असते. त्या भोकात दोरा बसलेला असतो खरा, पण पीळ दिलेल्या दोऱ्याच्या तंतूंमध्येही बारीक पोकळ्या असतात. दोऱ्यावर लेप नसेल, तर केशाकर्षणाने पाणी त्याच्या अंगाने थेट आत उतरतं. गळती बहुतेक वेळा शिवणीत सापडते ती यामुळे.

जुन्या सुती कॅनव्हासला एक देणगी होती. कापसाचा तंतू भिजला की आडवा फुगतो, त्याची जाडी साधारण २० टक्क्यांपर्यंत वाढते. त्यामुळे पहिल्या सरीत थोडं झिरपतं आणि मग फटी आपसूक आवळल्या जातात. सुती दोराही तसाच फुगून सुईचं भोक बुजवतो. याच गुणावर मँचेस्टरच्या शर्ली इन्स्टिट्यूटने दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ‘व्हेंटाइल’ नावाचं घट्ट विणीचं सुती कापड तयार केलं. बर्फगार समुद्रात कोसळणाऱ्या ब्रिटिश वैमानिकांच्या पोशाखासाठी ते वापरलं गेलं. आजची महागडी आवरणं बहुधा ॲक्रिलिकची असतात आणि दोरा पॉलिस्टरचा. हे धागे कुजत नाहीत, पण फुगतही नाहीत. ॲक्रिलिक उन्हाला चांगलं टिकतं, पॉलिस्टरचा दोरा मात्र अतिनील किरणांनी आधी दगा देतो. कापड अजून मजबूत असतं आणि शिवण उसवायला लागलेली असते. नखाने टीप खरवडून पाहावी. दोरा तुटून भुसा झाला, तर डिंक-सीलंट लावत बसण्यात अर्थ नाही. ती शिवण पुन्हा मारून घ्यावी, आणि शक्यतो जुन्याच भोकांतून. नव्या भोकांची दुसरी रांग पाडली तर तिथे कापड फाटायला सोपं होतं.

गळती शोधताना सर्वात फसवी गोष्ट म्हणजे आत दिसणारा थेंब. पाणी शिवणीतून शिरतं, कापडाच्या आतल्या बाजूला चिकटून उताराने वाहत जातं आणि जिथे कापड झोळ खातं किंवा आधाराच्या काठीला टेकतं तिथे सुटतं. छिद्र नाळेजवळ आणि थेंब मधोमध असं सहज होतं. म्हणून थेंबाच्या बरोबर वर ठिगळ लावणं म्हणजे श्रम वाया.

शोधायची पद्धत साधी आहे. आधी भर उन्हात आवरणाखाली शिरून वर बघावं, टाचणीएवढी भोकं आणि घासलेले भाग चमकतात. शिवणीतली गळती मात्र अशी दिसत नाही. त्यासाठी खाली वर्तमानपत्राचे कोरडे कागद पसरावेत, एकाने बॅटरी घेऊन आत बसावं आणि दुसऱ्याने बाहेरून नळीने पाणी सोडावं. धार जोराची नको, पावसासारखी हवी. सुरुवात सर्वात खालच्या शिवणीपासून करायची आणि एकेका शिवणीवर काही मिनिटं थांबत वर सरकायचं. वरून सुरुवात केली तर सगळंच भिजतं आणि खालचं पाणी कुठून आलं ते कळेनासं होतं. आत पाणी दिसलं की तिथे लगेच खडूची खूण करावी. आयलेटच्या कडा, चेन आणि आधाराच्या काठीवर कापड घासतं ती जागा, या तिन्हींकडे विशेष लक्ष हवं.

पाऊस नसतानाही सकाळी आत थेंब दिसले, तर ती गळती नव्हे. हवा ३० अंश सेल्सिअस आणि आर्द्रता ८० टक्के असेल, तर कापड साधारण २६ अंशांवर उतरताच त्यावर दव धरतं. किनाऱ्यावर ही अगदी रोजची परिस्थिती आहे. प्लॅस्टिकची ताडपत्री चारही बाजूंनी घट्ट आवळली तर होडीच्या तळातली ओल वाफ होऊन वर जाते आणि रात्री पुन्हा खाली टपकते. यावर सीलंटचा उपयोग शून्य. दोन्ही टोकांना वारा खेळेल अशी, पण पाऊस शिरणार नाही अशी तोंडं ठेवावीत.

साचलेलं पाणी हा आणखी एक शत्रू. एक चौरस मीटरच्या झोळात सरासरी १० सेंटिमीटर पाणी साचलं की त्याचं वजन १०० किलो होतं. त्या वजनाने कापड ताणतं, फटी मोठ्या होतात, झोळ वाढतो आणि आणखी पाणी साचतं. वर मांडलेलं गणित आठवा. १० सेंटिमीटर ही चांगल्या लेपाचीही सीमारेषाच आहे. तेव्हा दुरुस्तीपूर्वी मधोमध आडवी वळी किंवा बांबूचा कणा देऊन उतार वाढवावा. कित्येक आवरणांची ‘गळती’ एवढ्यानेच थांबते. दोर बांधताना कापड कोणतं ते पाहावं. सुती कॅनव्हास भिजून आकसतो, म्हणून त्याला थोडी ढील हवी. नायलॉन भिजून सैल पडतं.

धुण्याची एक चूक सर्रास होते. कपड्यांची पावडर पाण्याचा पृष्ठताण मीटरला ७२ मिलिन्यूटनवरून तिसाच्या आसपास आणते. तिचा अंश कापडात राहिला, तर जी फट पाण्याला अडवत होती तीच त्याला शोषून घेऊ लागते. सौम्य साबण, मऊ ब्रश आणि मग पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुणं. पूर्ण वाळल्यावर पाणी शिंपडून बघावं. थेंब मोत्यासारखा उभा राहिला तर लेप शाबूत आहे. पसरून कापड काळवंडलं तर नवा लेप लावायला हवा. वर्षानुवर्षं यासाठी फ्लुओरिनयुक्त रसायनं वापरली गेली, पण ती निसर्गात विघटन पावत नाहीत. कॅलिफोर्नियाने १ जानेवारी २०२५ पासून बहुतेक नव्या कपड्यांत त्यांना मनाई केली आहे. मेणाचा किंवा सिलिकोनचा लेप तेलाचे डाग अडवत नाही, पण पावसाला पुरतो. होडीला तेवढंच हवं.

फाटलेल्या जागी ठिगळ लावताना त्याचे कोपरे गोल कापावेत, टोकदार कोपरा पहिला सुटतो. शिवणीची घडी कौलांसारखी असावी, वरची कड खालच्या कडेवर आलेली. उलट घडी म्हणजे पाणी धरून ठेवणारी पन्हळच. शिवणीत भरायचं सीलंट कापडाच्या जातीचं हवं. सिलिकोनचा थर असलेल्या कापडावर सिलिकोनचंच टिकतं, पॉलियुरेथेनचं सोलून निघतं. निळ्या ताडपत्रीचा प्लॅस्टिकचा थर घड्यांवर तडकलेला असेल, तर ठिगळाच्या भानगडीत न पडता ती बदलावी.

हे सगळं मेच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत उरकायला हवं. सीलंट आणि लेप कोरड्या कापडावरच धरतात आणि वाळायला त्यांना निदान एक दिवस ऊन लागतं. मृग लागल्यावर कोकणात तसा दिवस मिळेल याची खात्री नाही.