अधूनमधून तुटणारें इंटरनेट



पूर्ण बंद पडलेल्या वस्तूपेक्षां अधूनमधून बंद पडणारी वस्तु मनुष्याला अधिक छळते. नळ कोरडा पडला तर आपण घागर घेऊन विहिरीकडे जातों. परंतु तो घटकेंत वाहतो व घटकेंत थांबतो असें झालें, म्हणजे घागर नळाखालीं ठेवावी कीं उचलावी हेंच कळेनासें होतें. पुष्कळ घरांतील ब्रॉडबँड जोडणीची हल्लीं अशीच तऱ्हा असते. कारागीर येतो तेव्हां ती ठणठणीत असते. तो फाटकाबाहेर पडला कीं पुन्हां तुटते. असा लपंडाव खेळणारा दोष घरच्या माणसानें कसा शोधावा, हें मी आज सांगणार आहें. मी इंजिनियर नव्हें. मॅट्रिकपर्यंत शिकलेला आणि आयुष्यभर मुलांना गणित व सामान्य विज्ञान शिकविलेला एक निवृत्त शिक्षक आहें. हा धडा मला माझ्याच एका चुकीनें शिकविला, म्हणून आधीं ती चूक सांगतों.

आमचें घर भंडारा शहराच्या जुन्या भागांत आहे. मागील वर्षीं उन्हाळ्यांत माझ्या नातीची एका नोकरीसाठीं मुलाखत होती. ती घरींच संगणकासमोर बसून द्यावयाची होती. वेळ सकाळीं साडेनऊची. पोरीनें पंधरा दिवस तयारी केली होती. तिसऱ्या प्रश्नाचें उत्तर ती देत असतां समोरचें चित्र एकाएकीं थिजलें. दोन-तीन मिनिटांनीं जोडणी परत आली आणि थोड्याच वेळांत पुन्हां गेली. मुलाखत घेणाऱ्यांनीं दुसरी वेळ दिली नाहीं. त्याच दुपारीं तारा दुरुस्त करणारा तरुण तक्रारीवरून आला, तेव्हां मी त्याला दारांतच नको तें बोललों. त्यानें उलट उत्तर दिलें नाहीं. मोजयंत्र लावून त्यानें तार तपासली. ती निर्दोष होती. जातांना तो एवढेंच म्हणाला, “गुरुजी, एक वही ठेवा. नेट गेलें कीं वेळ लिहा, अन् डब्यावरचे दिवे पाहून लिहा.” मला तेव्हां ती टाळाटाळ वाटली.

आतां मूळ विषयाकडे वळूं. भारत सरकारनें २००४ च्या धोरणांत ब्रॉडबँडची व्याख्या केली, तेव्हां ती जोडणी सदैव चालू असणारी असावी, हें लक्षण तींत घातलें होतें. त्या वेळीं किमान वेग सेकंदाला २५६ किलोबिट ठरला. २०२३ सालीं तो २ मेगाबिट करण्यांत आला. वेगाचे आकडे वाढत गेले, तरी घरांतील माणसाला वेगाइतकेंच सातत्य हवें असतें. परीक्षा, मुलाखत, वैद्याचा सल्ला, बँकेचा व्यवहार, यांपैकीं कोणतीहि गोष्ट मध्येंच तुटून चालत नाहीं.

संदेशाचा मार्ग तीन टप्प्यांचा असतो. पहिला टप्पा कंपनीच्या केंद्रापासून आपल्या भिंतीपर्यंतच्या तारेचा. दुसरा भिंतीवरच्या डब्याचा, म्हणजे मोडेम, राउटर आणि त्यांना वीज पुरविणारा अडॅप्टर यांचा. तिसरा त्या डब्यापासून आपल्या हातांतील फोनपर्यंतच्या बिनतारी लहरींचा. त्यालाच आपण वायफाय म्हणतों. आमच्या लहानपणीं रेडिओ खरखरूं लागला म्हणजे वडील प्रथम विचारीत, केंद्रच बंद आहे, एरियल हललें आहे, कीं बॅटरी उतरली आहे? विचारण्याची ही रीत येथेंहि तशीच लागू पडते. दोष कोणत्या टप्प्यांत आहे हें ठरल्यावांचून कशालाहि हात लावूं नये.

टप्पा ओळखण्याचें साधन डब्यावरच्या दिव्यांतच आहे. जोडणी तुटतांच सर्व दिवे विझून एकेक करून पुन्हां लागत असतील, तर डब्याची वीज गेली होती असें समजावें. काचतंतूच्या, म्हणजे फायबरच्या जोडणींत एल. ओ. एस. ही अक्षरें असलेला दिवा लाल झाला, तर बाहेरून येणारा प्रकाश डब्यापर्यंत पोंचत नाहीं, दोष तारेचा. दिवे नेहमींसारखे स्थिर आहेत, पण एकाच खोलींतील फोन रुसला आहे, असें असेल तर दोष बहुधा वायफायचा. याची खात्री करावयाची असल्यास संगणक तारेनें सरळ राउटरला जोडून पाहावा. तारेनें नेट चालतें आणि बिनतारी चालत नाहीं, म्हणजे निकाल लागला. दिवे ठीक असूनहि तारेनें सुद्धां नेट मिळत नसेल, तर घोटाळा बहुधा कंपनीच्या बाजूस असतो.

मीं राउटरशेजारीं वही टांगली. चार रकाने आंखले: तारीख, वेळ, दिव्यांची स्थिति, आणि त्या वेळीं घरांत काय चाललें होतें. नऊ दिवसांत २२ नोंदी झाल्या. त्या पाहून मी चकित झालों. आमची तक्रार एक होती, पण तिच्या पोटांत दोष तीन होते. १३ नोंदी सकाळच्या नऊ ते दहाच्या दरम्यानच्या, आणि त्या प्रत्येक वेळीं सर्व दिवे विझले होते. ८ नोंदी रात्रींच्या, मागच्या खोलींतील. त्या वेळीं दिवे स्थिर होते. उरलेली एक नोंद वादळी पावसाच्या संध्याकाळची, आणि तिच्यापुढें ‘लाल दिवा’ असें लिहिलें होतें.

सकाळच्या १३ नोंदींच्या चौथ्या रकान्यांत एकच शब्द होता: पंप. नळाला पाणी येतें तेव्हां आम्ही तें पंपानें गच्चीवरच्या टाकींत चढवितों. अशा पंपाची मोटर सुरू होतांना क्षणभर नेहमींच्या पांच-सहा पट वीज ओढते, आणि तेवढ्या वेळापुरता घरांतील दाब खालीं येतो. चांगल्या अडॅप्टरांत विजेचा थोडा सांठा धरणारा भाग असतो. तो असा क्षण निभावून नेतो. परंतु उष्णतेनें तो वर्षानुवर्षें सुकत जातो. आमच्याकडे मे महिन्यांत पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, आणि बहुतेक घरगुती राउटर ४० अंशांपर्यंतच्या उष्णतेसाठींच बनविलेले असतात. आमचा अडॅप्टर सहा वर्षांचा होता. दाब उतरला कीं राउटर विझे, आणि पुन्हां उभा राहण्यास त्याला दोन-तीन मिनिटें लागत. नवा अडॅप्टर घेतांना जुन्यावरील व्होल्टचा आंकडा तंतोतंत जुळला पाहिजे. अँपियरचा आंकडा तितकाच किंवा थोडा अधिक चालतो. टोंकाचा आकार आणि धन-ऋण टोकांची खूणहि तीच असावी. अडॅप्टर बदलल्यावर चार दिवस मीं दुसरें कांहींहि बदललें नाहीं. सकाळच्या नोंदी थांबल्या. एका वेळीं एकच बदल करावा, हा नियम मी मुलांना प्रयोगाच्या तासाला सांगत असें. तो येथें कामीं आला. वीज वरचेवर जात असेल, तर राउटरसाठीं मिळणारी छोटी बॅटरी बसविणेंहि हिताचें असतें.

रात्रींच्या ८ नोंदींचें कारण अधिक गमतीचें निघालें. भंडारा पितळेच्या भांड्यांसाठीं प्रसिद्ध आहे, आणि आमच्या घरींहि आजीच्या काळापासूनचे हंडे व घागरी एका फळीवर मांडलेल्या आहेत. राउटर शोभेसाठीं म्हणून आम्हीं त्यांच्याच मागें ठेवला होता! धातूचा पत्रा बिनतारी लहरींना परतवितो, आणि जुन्या घराची जाड भिंत त्यांना बरेंचसें शोषून घेते. मागच्या खोलींत पोंचणारी लहर आधींच क्षीण होती. त्यांत रात्रीं शेजारच्या घरांतील राउटरहि त्याच पट्ट्यांत बोलूं लागत. वायफायचा जुना पट्टा २.४ गिगाहर्ट्झचा आहे. मायक्रोवेव्ह शेगडीहि त्याच्याच आसपास चालते. या पट्ट्यांत १, ६ आणि ११ हे तीन मार्ग एकमेकांत मिसळत नाहींत. त्यांतील कमी गर्दीचा निवडावा. दुसरा पट्टा ५ गिगाहर्ट्झचा. तो वेगवान, पण भिंतीपलीकडे लवकर दमतो. मीं राउटर घराच्या मध्यावर, उंच व मोकळ्या जागीं नेला, आणि त्याला सहावा मार्ग दिला. हंडे-घागरी फळीवरच राहिल्या, आणि मागच्या खोलीची तक्रार मिटली.

राहिली लाल दिव्याची एक नोंद. काचतंतूचा ज्या गाभ्यांतून प्रकाश जातो, तो सुमारें ९ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनहि कमी जाडीचा असतो. काच पुरेशी शुद्ध केली तर प्रकाश तिच्यांतून कित्येक किलोमीटर नेतां येईल, हें चार्ल्स काओ यांनीं १९६६ सालीं दाखवून दिलें. त्याबद्दल त्यांना २००९ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. गाभ्याच्या कडेवर आदळून प्रकाश पुन्हां आंत परततो, म्हणूनच तो वळणावरूनहि जाऊं शकतो. परंतु वळण फार अरुंद झालें तर तो बाहेर सांडतो. यासाठीं कपाटामागें तार दडपूं नये, आणि तिचें वेटोळें सहा सेंटिमीटर व्यासाहून लहान करूं नये. तंतूच्या उघड्या टोंकाला डोळा लावून कधींहि पाहूं नये. त्यांतील प्रकाश दिसत नाहीं, पण तो डोळ्यास अपाय करूं शकतो. रस्त्यावरच्या तारेला तर अनेक शत्रु असतात: वादळांत मोडणारी फांदी, तारांवर झोंके घेणारीं माकडें, खोदकाम, आणि धानाच्या हंगामानंतर तणसीनें उंच भरलेली ट्रॉली. ज्यांच्याकडे अजून तांब्याची जुनी टेलिफोन तार आहे, त्यांच्या जोडांत पावसाळ्यांत ओल शिरून तेच होतें. हीं कामें कारागिराचीं. तेथें आपण हात घालूं नये.

मात्र तक्रार करतांना ‘नेट नीट चालत नाहीं’ असें मोघम बोलूं नये. अमुक तारखेस, अमुक वाजतां, इतकीं मिनिटें लाल दिवा होता, असें सांगावें. तक्रारीचा क्रमांक वहींत टिपून ठेवावा. २०१२ च्या नियमांप्रमाणें असा क्रमांक देणें कंपनीस बंधनकारक झालें. आणि निवारणानें समाधान न झाल्यास अपिलाची सोयहि त्याच नियमांनीं केली.

आतां माझी चूक. वही वाचतांना मला मुलाखतीची सकाळ आठवली. नऊ वाजून गेले होते, नळाला पाणी आलें होतें, आणि पंपाची कळ मींच दाबली होती. टाकी भरली नाहीं म्हणून थोड्या वेळानें पुन्हां दाबली होती. नातीला हें मीं त्याच दिवशीं सांगितलें. ती थोडा वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, “आजोबा, पुढच्या वेळीं टाकी आधींच भरून ठेवूं.” त्या तरुण कारागिरालाहि मीं घरीं बोलावून चहा दिला आणि वही दाखविली. त्यानें पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत ती लक्षपूर्वक पाहिली. माझे शब्द मीं परत घेतले. त्यावर तो नुसता हंसला आणि पुढच्या कामावर निघून गेला.

वही अद्याप राउटरशेजारींच टांगलेली आहे. आपल्या घरीं असा त्रास असेल, तर कोणावर रागावण्यापूर्वीं आठ दिवस अशी वही ठेवून पाहावी, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतों.