तुंबडी नेमके काय ओढते?

तुंबडीची रचना अगदी साधी आहे. पेल्यातली हवा ज्योतीने तापवली की ती पसरून बाहेर पडते. पेला कातडीवर पालथा घातला की ज्योत विझते, आत उरलेली हवा निवते, दाब उतरतो आणि कातडी फुगून आत चढते. शिंगाची तुंबडी असेल तर टोकाच्या छिद्रातून तोंडाने हवा ओढून घ्यायची. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात, तेराव्या अध्यायात, वाताने बिघडलेल्या रक्तासाठी शिंग, पित्तासाठी जळू आणि कफासाठी आत दिवा ठेवलेला कडू भोपळा सांगितला आहे. आपल्याकडचे वैदू गावोगाव तुंबड्या लावत आले, युनानी हकिमांनी हीच पद्धत हिजामा या नावाने जपली, आणि आज शहरांत हातपंपाच्या प्लास्टिक पेल्यांनी तेच चालते. साधन टिकले, याचा आनंद आहे. पण त्याच्यासोबत ‘अशुद्ध रक्त निघते, विष बाहेर पडते’ हा दावाही टिकला आहे आणि तो सोडून द्यायला हवा, असे माझे ठाम मत आहे.

पुरावा म्हणून पेल्यात साकळलेले काळपट रक्त दाखवतात. पण चिरा देऊन पेला लावला तर निरोगी माणसाचेही रक्त आत साचून तसेच गोठते आणि काळवंडते. चिरा न देता लावलेल्या, म्हणजे कोरड्या तुंबडीचा जांभळा वळही विषाचा नसतो; ओढीने केशवाहिन्या फुटून कातडीखाली उतरलेले ते रक्त असते आणि शरीर ते हळूहळू शोषून घेते. रक्तातली नको ती द्रव्ये काढायला यकृत आणि मूत्रपिंडे आहेत. पाठीवरच्या चार चिरांतून ते काम होत नाही.

यावर रास्त प्रश्न येतो: मग पिढ्यान्‌पिढ्या लोकांना उतार पडला, तो खोटा होता का? मुळीच नाही. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या एका जर्मन चाचणीत अंगभर दुखण्याच्या जुनाट विकाराचे 141 रुग्ण होते. नेहमीचे उपचार चालू ठेवलेल्यांपेक्षा तुंबडी लावलेल्यांच्या वेदना अधिक कमी झाल्या. मात्र दाब टिकू न देणारे खोटे पेले लावलेल्यांच्या तुलनेत ठळक फरक दिसला नाही. म्हणजे आराम खरा होता, पण त्याचे श्रेय ओढीला देता येत नाही. कुणीतरी वेळ देऊन पाठीवर हात ठेवतो, दुखणे ऐकून घेतो, बरे वाटेल असा भरवसा देतो. शिवाय दुखणे शिगेला पोहोचल्यावरच माणूस उपचाराला जातो आणि त्यानंतर ते बहुधा आपोआपही उतरते. या गोष्टींना कमी लेखण्याचे कारण नाही, पण त्यांच्या बळावर मधुमेह किंवा वंध्यत्व बरे करण्याची जाहिरात करणे हा रुग्णाचा घात आहे.

तर मग बंदीच का घालू नये? कारण मागणी थांबणार नाही, ती आडोशाला जाईल. कोरडी तुंबडी स्नायूंच्या दुखण्यावर जाणत्या हाताने लावली तर बहुधा वळापलीकडे इजा होत नाही. चिरा देणे मात्र शस्त्रकर्म आहे. एकाचे पाते दुसऱ्याला वापरले तर कावीळ ब आणि एचआयव्ही पसरू शकतात; रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्याला, हिमोफिलियाच्या किंवा पंडुरोगाच्या रुग्णाला ते धोक्याचे आहे. हा सावधपणा परंपरेला परका नाही. सुश्रुतानेच पांडुरोगी आणि गर्भिणी यांच्या सुजेत रक्त काढू नये असे बजावले, आणि बालके, वृद्ध, दुर्बल यांच्यासाठी त्यातल्या त्यात सौम्य म्हणून जळू सुचवली. आजच्या तुंबडीवाल्यानेही पेला हातात घेण्याआधी समोरचा माणूस कोणती औषधे घेतो हे विचारावे, पाते त्याच्यासमोर नव्या पाकिटातून काढावे, आणि छातीत दुखते म्हणून आलेल्याला तुंबडी न लावता तडक इस्पितळात धाडावे.