यंत्रालाही हवा दुभाषा

मेळघाटात पहिल्याच दिवशी शाळेत आलेल्या कोरकू मुलाची पंचाईत वाचकांनी कल्पनेनेच जाणावी. घरात कोरकू, फळ्यावर मराठी! मुलगा हुशार, गुरुजीही तळमळीचे. पण दोन्ही भाषा जाणणारा कोणी मध्ये नसला, तर दोघेही नुसते एकमेकांकडे बघत बसतात.

संगणकाचे नेमके असेच आहे. प्रिंटर, कॅमेरा, वायफाय यांपैकी प्रत्येकाची बोली निराळी. ती संगणकाला समजावून देणारा दुभाषा म्हणजे ‘ड्रायव्हर’.

परतवाडा, सेमाडोह करीत घाट ओलांडला की हरिसाल लागते. २०१६ साली मायक्रोसॉफ्टच्या साह्याने ‘डिजिटल गाव’ म्हणून गाजले, तेच हे हरिसाल. त्याच्या पुढे धारणी. तिथल्या एका शिक्षक मित्राकडे मी उतरलो होतो. शाळेला देणगीत मिळालेले जुने संगणक त्यांनी फुकटच्या लिनक्सवर सुरू केले होते. वायफायसाठी एकाच दुकानातून, एकाच किमतीची दोन डोंगल आणली. एक लावताक्षणी चालू, दुसरे ढिम्म! त्याचा ड्रायव्हर म्हणे इंटरनेटवरून उतरवून घ्यायचा. म्हणजे विहिरीत उतरायला दोर हवा आणि दोर विहिरीच्या तळाशी! इकडे मुलांच्या शिष्यवृत्तीचे अर्ज खोळंबलेले.

“भाऊ, वस्तू तं चांगली हाये, मंग चालत काहून नाही?” गुरुजींनी विचारले.

कारण साधे आहे. पहिल्यातल्या चिपची माहिती लिनक्सकारांच्या हाती होती. दुसऱ्याचा दुभाषा कंपनीने कुलपात ठेवलेला.

हे भांडण जुने आहे. १९८० च्या सुमारास अमेरिकेतील एम.आय.टी.मध्ये रिचर्ड स्टॉलमन यांना झेरॉक्सच्या प्रिंटरची आज्ञावली सुधारायची होती. मूळ प्रत मागितली, नकार मिळाला. तो त्यांच्या मनाला लागला आणि १९८३ साली त्यांनी मुक्त आज्ञावलींची चळवळ आरंभली. १९९१ साली फिनलंडच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्स सुरू केले.

कंपन्यांची बाजूही ऐकली पाहिजे. प्रतिस्पर्ध्याने गुपित चोरले तर? पेटंटचा दावा लागला तर? काही भाग तर दुसऱ्याकडून उसना घेतलेला. तो उघडा कसा करावा? भीती अगदीच खोटी नव्हे.

म्हणून २००७ च्या जानेवारीत ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी कंपन्यांना उघड आमंत्रण दिले: तुम्ही फक्त माहिती द्या, ड्रायव्हर आम्ही फुकट लिहून देतो, हवा तर गुप्ततेचा करारही करतो! त्याच वर्षी ए.एम.डी.ने आपल्या चित्र-चिपांची माहिती खुली करायला घेतली. २०१० साली ब्रॉडकॉमने वायफायचा ड्रायव्हर खुला केला. एनव्हिडियाने मात्र फार ताणले. २०१२ साली टोरवाल्ड्स भर सभेत तिच्यावर शिवीसकट कडाडले. अखेर २०२२ च्या मे महिन्यात तिनेही नव्या चिपांसाठी ड्रायव्हरचा काही भाग उघडा केला.

यात कंपनीचा तोटा कोणता? लिनक्सच्या गाभ्यात एकदा सामावलेला ड्रायव्हर लिनक्स बदलले की तिथली मंडळीच दुरुस्त करतात. मूळ कंपनीने त्या वस्तूवरून हात झटकले, तरी वस्तू चालत राहते. ड्रायव्हर कुलपात असला, तर मालकाचा उत्साह संपला की धडधाकट यंत्र भंगारात!

ही गोष्ट आता आपल्या दाराशी आली आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा संपला आणि कितीतरी चांगले संगणक एका दिवसात म्हातारे ठरले. ते पुन्हा उभे करायचे, तर त्यांच्या अवयवांचे खुले दुभाषे हवेत.

तेव्हा वाचकहो, यंदा पाडव्याला प्रिंटर घ्याल तेव्हा रंग आणि किंमत जरूर पाहा, पण दुकानदाराला आणखी एक विचारा, “हा लिनक्सवर चालतो का हो?” तो कदाचित गोंधळेल. पण गिऱ्हाइकाने पुन्हा पुन्हा विचारलेला प्रश्न कारखान्यापर्यंत पोचतोच. आणि पुण्या-मुंबईच्या दुकानात विचारलेल्या या प्रश्नाचे उत्तर धारणीच्या पोरांना उपयोगी पडते.