उद्या रानरेड्याच्या मागावर

झिम्बाब्वेच्या उत्तर सीमेवरचं झांबेझी नदीचं खोरं. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीचे दिवस संपले. इथे मात्र ती सरकारी परवान्यावर, ठरवून दिलेल्या कोट्यात आजही चालते. शिकार असावी की नसावी, हा वाद मोठा आहे. पण सातशे किलोंच्या रानरेड्यासमोर उभं राहायचं ठरलंच, तर हत्याराने दगा देता कामा नये, याबद्दल वाद असू शकत नाही. आदला अख्खा दिवस त्यासाठीच राखून ठेवलेला असतो.

पहाटे ५

अंधारातच चहा होतो आणि पाहुण्याची कुलूपबंद पेटी उघडली जाते. विमानप्रवासात काडतुसं वेगळी, माणशी पाच किलोंच्या मर्यादेत आणावी लागतात. रायफलीची पेटी मात्र प्रत्येक विमानतळावर आदळत-आपटत आलेली असते. परवानाधारक शिकारी सर्वांत आधी बोल्ट काढतो आणि नळीतून आरपार उजेड बघतो. नळी रिकामी आहे, हे कुणाच्या सांगण्यावरून मानायचं नसतं. रायफल .३७५ मॅग्नमची. हॉलंड अँड हॉलंडने १९१२ मध्ये आणलेल्या या काडतुसाची साडेएकोणीस ग्रॅमची गोळी सेकंदाला सुमारे ७७० मीटर वेगाने सुटते. रानरेडा आणि हत्ती यांच्यासाठी आफ्रिकेत बऱ्याच ठिकाणी याहून लहान रायफल चालवून घेत नाहीत.

सकाळी ६

दुर्बिणीच्या पकडीचे स्क्रू आणि रायफल दस्त्याला जखडणारे मोठे स्क्रू एकेक करून आवळले जातात. मग प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावरून शेजारच्या धातूपर्यंत नेलपॉलिशची बारीक लाल रेघ ओढली जाते. धक्क्याने स्क्रू किंचित जरी फिरला, तरी रेघ तुटलेली दिसते. त्यानंतर दस्ता. बोल्टच्या मागे, जिथे पोलाद लाकडात बसतं, तिथे नख फिरवून तडा चाचपायचा. मोठ्या रायफलीच्या दणक्याने लाकूड बहुधा तिथेच उकलतं.

सकाळी ७

आता काडतुसं. आधी बोल्टमधली फायरिंग पिन काढून ठेवायची, म्हणजे चुकून बार उडायला नको. मग उद्या कमरेच्या पट्ट्यात जाणारं प्रत्येक काडतूस मॅगझिनमधून नळीत चढवायचं आणि बाहेर काढायचं. नव्या कोऱ्या डब्यातलं आहे म्हणून कशालाही सूट नाही. एखादं अंमळ लांब निघतं, एखाद्याचं तोंड चेपलेलं असतं, एखाद्याची टोपी वर आलेली असते. बोल्ट बंद करताना हाताला जरासं जरी अडखळल्यासारखं वाटलं, की ते काडतूस बाजूला.

माउझरची १८९८ सालची रचना या कामात अजूनही का वाखाणली जाते, ते इथे कळतं. काडतूस मॅगझिनमधून वर येताच पोलादी नखी त्याची कड पकडते आणि टरफल बाहेर फेकलं जाईपर्यंत सोडत नाही. घाबरून हात अर्ध्यावर थांबला, तरी पहिल्यामागे दुसरं काडतूस घुसून रायफल अडकत नाही.

सकाळी ८.३०

फायरिंग पिन परत बसते आणि चांदमारी सुरू होते. मोठ्या वारुळाला पुठ्ठा टेकवलेला, अंतर ५० मीटर. रायफल काठ्यांच्या तिकाटण्यावर टेकवून पहिला बार थंड नळीचा काढायचा, कारण उद्याचा पहिला बारही तसाच असणार. गोळी नेमाच्या जागी लागली, की लगेच दुसरा आणि तिसरा बार, रायफल खांद्यावरून न उतरवता. घाईत बोल्ट पूर्ण मागे ओढला नाही, तर रिकामं टरफल आतच राहतं. नवख्यांचं नेमकं इथेच चुकतं.

मॅगझिन पूर्ण भरूनच झाडायचं. पहिल्या दणक्याने तळाचं झाकण उघडून उरलेली काडतुसं पायाशी पडली, असंही घडतं. तळाचं काडतूस न झाडता काढून मोजायचं. त्याची गोळी दणक्यांनी टरफलात आत दबली असेल, तर तो सगळा डबा बाद.

सकाळी ११

ऊन चढतं, तशी दारूही तापते आणि नळीतला दाब वाढतो. शंभर वर्षांपूर्वी थंड इंग्लंडमध्ये भरलेली कॉर्डाइटची काडतुसं भारतात आणि आफ्रिकेत याच कारणाने टरफल घट्ट बसून अडायची. रिग्बी कंपनीने १९११ मध्ये .४१६ साठी मुद्दाम ऐसपैस टरफल घेतलं, ते दाब कमी राहावा म्हणून. पुढे १९५६ मध्ये .४५८ विंचेस्टर आलं. त्याच्या आखूड टरफलात दाबून भरलेल्या दारूच्या गुठळ्या व्हायच्या आणि बार फुसके जायचे. नंतर त्यात सुधारणा झाली, पण उडालेला विश्वास परत यायला फार वेळ लागला. म्हणून इथे भर उन्हात आणखी काही बार काढतात. बोल्ट उचलताना जोर लागला, तर ती काडतुसं नापास.

दुपारी ३

जेवण, थोडी विश्रांती, आणि दुसरी फेरी. शिकारी पाहुण्याच्या नकळत भरलेल्या काडतुसांमध्ये एखादं पोकळ काडतूस घालून ठेवतो. चाप ओढला की नुसतं 'टक'. पाहुणा रायफलीकडे बघत राहिला, तर पुन्हा. हात आपोआप बोल्टकडे जाईपर्यंत पुन्हा. मग दुर्बीण उतरवून नुसत्या माशीवर नेम धरायचा. दुर्बीण फुटली तर उरणार आहे ती माशीच.

संध्याकाळी ५

उद्या माग काढणारे सगळ्यांच्या पुढे चालतील. त्यांच्या हातात बहुधा बंदूक नसते आणि नजर जमिनीवर असते. घायाळ रानरेडा झुडपात दबा धरून थांबतो आणि निघाला की ताशी ५० किलोमीटरच्या आसपास वेग घेतो. म्हणजे पंचवीस मीटर दोन सेकंदांच्या आत. तेवढ्यात रायफल अडली, तर पहिला जीव जातो तो पुढच्या माणसाचा. जनावर जखम घेऊन रात्रभर तडफडतं, ते वेगळंच. पैसे भरून आलेल्या पाहुण्याने ही गोष्ट सर्वांत आधी मनावर घ्यायला हवी.

रात्री ८

खोऱ्यातली पिठासारखी धूळ तेलाला चिकटते, म्हणून तेलाचा हात अगदी पुसटसा. नळी कोरडी. दुर्बीण परत बसवल्यावर संध्याकाळीच एका बाराने नेम पडताळून घेतलेला असतो. तपासलेली काडतुसं पट्ट्यात जातात. निकाल देण्याची वेळही हीच, आणि तो शिकारी देतो: दिवसभरात रायफल कारण न कळता एकदा जरी अडली असेल, तर ती कितीही महागाची असो, उद्या तंबूतच राहील आणि पाहुणा छावणीतली जुनी, खात्रीची रायफल घेईल. हे ज्याला मान्य नाही, त्याने रानरेड्याच्या मागावर जाऊ नये.