पाडव्याची बोली

चैत्र शुद्ध प्रतिपदेला आपण गुढी उभारतो. कडुनिंबाची कोवळी पाने गूळ, ओवा, मीठ आणि हिंग घालून वाटतो, ती चटणी जिभेला लावतो, आणि नव्या वर्षी अमुक सोडू, तमुक धरू असा मनाशी निश्चय करतो. संध्याकाळी गुढी उतरते, वाटी धुतली जाते. निश्चयाचे म्हणाल, तर तोही बहुधा चार-आठ दिवसांत उतरवून ठेवलेला असतो. कडुनिंबाचे झाड मात्र दारात वर्षभर उभेच असते. आपणच त्याच्याकडे पुढल्या पाडव्यापर्यंत फिरकत नाही.

असे का व्हावे? माणसे मनाने दुबळी आहेत म्हणून, असे उत्तर सहसा दिले जाते. मला ते पटत नाही. जो शेतकरी ज्वारीच्या राखणीला महिना महिना माळ्यावर जागतो, त्याला मनोबल नाही असे कोण म्हणेल? उणीव मनोबलाची नसून दुसऱ्याच एका गोष्टीची आहे, आणि ती मला एका सालगड्याने दाखवून दिली. तो प्रसंग सांगण्याआधी थोडे वर्षारंभाविषयी बोलतो.

आपल्या बीड जिल्ह्यात वर्ष एकदाच सुरू होते असे समजण्याचे कारण नाही. शालिवाहन शकाचे वर्ष पाडव्याला लागते. व्यापाऱ्याची नवी वही दिवाळीला पुजली जाते. सरकारी हिशेबाचे वर्ष १ एप्रिलला, शाळेचे जूनमध्ये आणि भिंतीवरच्या कॅलेंडरचे १ जानेवारीला. निजामी अमलात कचेऱ्यांतून फसली सन चाले, त्याचा आरंभ ऑक्टोबरात होई. २२ मार्च १९५७ रोजी भारत सरकारने सौर चैत्रापासूनचे राष्ट्रीय पंचांग स्वीकारले, ते आणखी एक. म्हणजे निश्चयाला मुहूर्त हवा असेल तर त्यांची टंचाई मुळीच नाही.

मुहूर्ताला काहीच अर्थ नाही असेही नव्हे. हेंगचेन दाई, कॅथरीन मिल्कमन आणि जेसन रीस या तिघा संशोधकांनी अमेरिकेत केलेला अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. आठवड्याचा, महिन्याचा, वर्षाचा किंवा शाळेच्या सत्राचा आरंभ आला की माणसे व्यायामशाळेत अधिक जातात, पथ्याविषयी अधिक चौकशी करतात, असे त्यांना आढळले. मागचे दोष मागच्या वर्षाच्या खात्यावर टाकून माणूस नव्या पानावर लिहू लागतो. परंतु मुहूर्त हा धक्का देतो. वाट चालून देत नाही. चढावर अडलेल्या गाडीला धक्का मिळाला तरी पुढे बैलच लागतात.

आता माझी गोष्ट. मी पेशाने शिक्षक. तरुणपणी शेतावर इतरांच्या संगतीत तंबाखू मळायला शिकलो आणि पुढे तीस वर्षे ती सुटली नाही. वर्गात मुलांना आरोग्याचा धडा शिकवायचा आणि मधल्या सुट्टीत भिंतीआड जाऊन चिमूट दाढेखाली धरायची, असा माझा दुटप्पी संसार चालला होता. प्रत्येक पाडव्याला मी पंचांगाच्या पहिल्या पानावर लिहीत असे : ‘आजपासून तंबाखू बंद.’ एकदा दसऱ्याच्या आधी घर सारवताना माळ्यावर जुनी पंचांगे सापडली. नऊ पंचांगांवर माझ्याच अक्षरात तेच वाक्य! माझी मलाच लाज वाटली.

त्यानंतरच्या पाडव्याला आमच्याकडे सालाची बोली चालली होती. मराठवाड्यात सालगड्याचे वर्ष पाडव्याला भरते आणि पाडव्यालाच नवे लागते, हे आपणास ठाऊक आहेच. रोख रक्कम किती, धान्य किती, कपडे व पायताण केव्हा, बैलांचे कोणी पाहायचे, पाण्याची पाळी कोणाची, हे सारे चार माणसांसमोर ठरते. आमच्याकडे राबणारे मामा वयाने माझ्याहून वडील होते. बोली संपल्यावर मी पंचांग काढून दहाव्यांदा तेच वाक्य लिहू लागलो. काय लिहिता म्हणून मामांनी विचारले, मी वाचून दाखवले. ते हसले आणि म्हणाले, “गुरुजी, माझ्या सालाची बोली झाली. तुमच्या तंबाखूची बोली कुठं झाली?”

मी म्हटले, “मामा, हा मनाचा निश्चय आहे. त्याची बोली कशी करायची?”

“मंग तो टिकायचा कसा? माझंबी मन रोज कामावर यायला राजी नसतंय. बोली झालेली असती म्हनून मी येतो.”

या दोन वाक्यांनी मला जे शिकवले, ते नऊ पंचांगांनी शिकवले नव्हते. बोलीत चार गोष्टी असतात आणि माझ्या निश्चयात त्यांतली एकही नव्हती.

पहिली गोष्ट म्हणजे काम नेमके ठरलेले असते. ‘चांगली शेती करीन’ अशी बोली कोणी करीत नाही. ‘दोन बैल आणि अमुक एकर रान’ अशी करतो. दुसरी म्हणजे वेळ ठरलेली असते. पीटर गॉलविट्झर या मानसशास्त्रज्ञाने १९९९ साली याच मुद्द्यावर एक प्रसिद्ध निबंध लिहिला. ‘मी अमुक करीन’ एवढे म्हणण्यापेक्षा ‘अमुक घडले की मी तमुक करीन’ असे आधी ठरवणारी माणसे ठरवलेले अधिक वेळा पार पाडतात, असे त्यात दाखवले आहे. कारण मग प्रत्येक वेळी मनाचा कौल घ्यावा लागत नाही. प्रसंगच आठवण करून देतो. तिसरी गोष्ट म्हणजे साक्षीला माणसे असतात. आणि चौथी, जी सर्वांत महत्त्वाची आणि जिचा मी कधीच विचार केला नव्हता, ती म्हणजे खाड्याची सोय.

सालगडी आजारी पडतो, सोयऱ्याच्या लग्नाला जातो. तो दिवस खाडा धरतात. साल भरल्यावर जितके खाडे, तितके दिवस अधिक काम करून तो ते भरून देतो. एका खाड्याने साल मोडत नाही. माझा निश्चय मात्र पहिल्या खाड्यालाच मोडत असे. तिसऱ्या दिवशी एक चिमूट तोंडात गेली की मी म्हणे, ‘झाले, आता पुढल्या पाडव्याला पाहू.’ एका दिवसाच्या चुकीला मी तीनशे दिवसांची सुट्टी घेत होतो.

त्या दिवशी मी मामांना साक्षी ठेवून बोली केली. सारी तंबाखू एकदम नव्हे. आधी दुपारच्या जेवणानंतरची. हात धुतला की ओवा-बडीशेप तोंडात टाकायची आणि कोपऱ्यावरच्या लिंबापर्यंत चालून यायचे. ती अंगवळणी पडली की रात्रीची, मग सकाळची. चुकलेला दिवस पंचांगात खाडा म्हणून मांडायचा. दर बाजाराच्या दिवशी मामा विचारत, “गुरुजी, खाडे किती?” पहिल्या महिन्यात अकरा झाले. मी खजील झालो, पण बोली मोडली नाही.

इथे तंबाखूचे थोडे शास्त्र सांगायला हवे. तिच्यातले निकोटीन मेंदूला चटक लावते. आपण चुना घालतो, त्याच्या क्षारतेमुळे ते तोंडाच्या आतल्या त्वचेतून लवकर रक्तात भिनते. सोडल्यावर पहिले काही दिवस चिडचिड, अस्वस्थता आणि झोपमोड फार होते, पुढे काही आठवड्यांत ती ओसरते. शरीराची मागणी अशी ओसरली तरी जागेची आणि वेळेची मागणी उरते : जेवण झाले, बांधावर बसलो, मित्र भेटला, की हात आपोआप चंचीकडे जातो. म्हणून नुसते सोडून भागत नाही, त्या जागी दुसरे काही ठेवावे लागते. सर्वेक्षणाच्या २०१६-१७ सालच्या आकड्यांनुसार महाराष्ट्रातील २६.६ टक्के प्रौढ तंबाखू वापरत होते, आणि त्यांतले बहुतेक धुराची नव्हे, तोंडात धरायची. मुखाच्या कर्करोगाचे एक मोठे कारण तेच आहे.

नवी सवय अंगवळणी पडायला किती दिवस लागतात? लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ जणांवर याचा अभ्यास केला. मध्यम प्रमाण ६६ दिवसांचे निघाले, पण कोणाला १८ दिवस पुरतील, तर कोणाला २५४ लागतील, एवढे अंतर माणसामाणसांत दिसले. आपल्या पंचांगात मांडायचे तर पाडव्याला धरलेली सवय कोणाची चैत्री पौर्णिमेनंतर तीन दिवसांत जमेल, बहुतेकांची मृगाच्या तोंडावर, आणि एखाद्याची थेट अंबाजोगाईला मार्गशीर्षात योगेश्वरीची यात्रा भरेल तेव्हा. आणखी एक गोष्ट त्यांना आढळली : मधे एखादा दिवस चुकला तरी सवय जडण्यात फारशी बाधा येत नाही. हे वाचले तेव्हा मला मामांचा खाडा आठवला.

आमच्या अंबाजोगाईत दासोपंतांची पासोडी आहे. सुमारे चाळीस फूट लांबीच्या कापडावर त्यांनी पंचीकरण लिहून काढले. त्यांचा गीतार्णव सव्वा लाख ओव्यांचा सांगतात. त्यांना दररोज एका ढब्बू पैशाची शाई लागे, अशी आख्यायिका आहे. तिच्यातला माझ्या लेखी महत्त्वाचा शब्द ‘दररोज’ हा होय. लोकांनी त्यांचे मोठेपण सांगताना एका रात्रीच्या स्फूर्तीची नव्हे, रोजच्या शाईची गोष्ट जपून ठेवली.

आता दोन गोष्टी सांगितल्या नाहीत तर हे विवेचन एकांगी होईल. पहिली घरातली आहे. पुरुष संकल्प सोडतो आणि त्याचे कष्ट पुष्कळदा घरातल्या स्त्रीच्या वाट्याला येतात. साखर सोडली त्याने. चहा दोनदा टाकायचा तिने. पहाटे फिरायला जाणार तो. त्याच्याआधी उठणार ती. माझ्या त्या वर्षीच्या चिडचिडीचा भार आमच्या घरात कोणी वाहिला, हे मला फार उशिरा कळले. जिच्यावर भार पडणार, तिला विचारल्यावाचून केलेली बोली ही बोली नव्हे, हुकूम होय.

दुसरी गोष्ट याहून कठीण आहे. संकल्प तोच करू शकतो, ज्याचा दिवस त्याच्या हातात आहे. आपल्या जिल्ह्यातून दरवर्षी दसरा-दिवाळीनंतर लाखो माणसे ऊसतोडीला जातात आणि पाडव्याच्या आगेमागे परततात. पहाटेच्या अंधारात फडात उतरायचे, रात्री-अपरात्री गाडी भरायची. भूक आणि शीण मारायला तंबाखू आणि मिश्री. त्यांना निश्चयाचा उपदेश करणे ही थट्टा होईल. त्यांनी उचल घेतलेली असते आणि तिथे खाड्याला क्षमा नसते, दंड असतो. २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने बीड जिल्ह्यातील ८२ हजारांवर ऊसतोड स्त्रियांची पाहणी केली, तेव्हा १३ हजारांहून अधिक स्त्रियांचे गर्भाशय काढलेले आढळले. त्यामागे कारणे अनेक आहेत. पण पाळीच्या त्रासाने काम बुडू नये, खाडा पडू नये, ही भीती त्यांतले एक कारण म्हणून पुढे आले. सालाच्या बोलीचाही मी गौरव करीत नाही. जुन्या कर्जापायी पिढ्यान्‌पिढ्या साल न फिटलेली माणसे होतीच. म्हणून तर १९७६ साली वेठबिगारीविरुद्ध कायदा करावा लागला. खाडा भरून देण्याची मुभा ही माणुसकी आहे. ती जिथे नाही, तिथे आधी बोली बदलली पाहिजे, माणूस नंतर. आणि ती बदलणे हे त्या मजुराचे एकट्याचे काम नव्हे, आपणा सर्वांचे आहे.

माझ्या त्या सालात एकूण तेवीस खाडे पडले. पुढला पाडवा आला तेव्हा मी मामांना म्हटले, “मामा, साल भरले.” ते म्हणाले, “कशाचं भरलं? तेवीस दिवस द्यायचे राहिलेत.” मी ते दिवस भरून दिले आणि चैत्र वद्य नवमीला माझे साल फिटले. तेव्हापासून चंची कोनाड्यात रिकामी पडली आहे. मामा आता नाहीत. दुपारचे जेवण झाले की मी अजून त्या लिंबापर्यंत जाऊन येतो, आणि बाजाराच्या दिवशी मनातल्या मनात कोणीतरी विचारतेच, “गुरुजी, खाडे किती?”