फोनला शिस्त लावताना

व्यापारी कुटुंबातील मोबाइल आज एकाच वेळी दुकानाची घंटा आहे, वसुलीची वही आहे, बँकेची खिडकी आहे आणि घरच्यांचा निरोप्याही आहे. त्यामुळे त्याची रिंग नको त्या वेळी वाजली तरी पंचाईत होते आणि हव्या त्या वेळी वाजली नाही तरी पंचाईत होते. प्रवचन सुरू होताना आपण बटण दाबून फोन मुका करतो. आजूबाजूची माणसे वळून पाहतील ही लाज त्या कामाची आठवण करून देते. प्रवचन संपल्यावर मात्र तो पुन्हा बोलता करण्याची आठवण कोणीच देत नाही. मग सकाळी शांत केलेला फोन दुपार उलटेपर्यंत शांतच राहतो. गोदामापाशी ट्रक उभा असतो, चालक फोन लावत असतो आणि मालकाच्या खिशात पडदा मुकाट्याने उजळून विझत असतो. कधी ट्रकच्या जागी गावाकडे एकटी राहणारी आई असते, आणि तेव्हा हिशेब केवळ मालाचा राहत नाही.

फोन शांत करणे सोपे आहे. तो वेळेवर पुन्हा जागा करणे, हेच माणसाकडून विसरले जाते. हे विसरणे फोनवरच सोपवता येते. त्यासाठी संगणकाचे शिक्षण लागत नाही, पैसे लागत नाहीत आणि बहुतेक फोनांत वेगळे ॲपही लागत नाही. लागतो तो थोडा विचार, आणि तो विचार करण्याची सवय व्यापाऱ्याला उपजतच असते.

‘जेव्हा’ आणि ‘तेव्हा’

गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीतील बॉलकॉक आठवून पाहा. पाणी ठरलेल्या पातळीला पोहोचले की गोळा वर उचलला जातो आणि नळ बंद होतो. पाणी उतरले की नळ आपोआप उघडतो. टाकीपाशी कोणाला उभे राहावे लागत नाही. फोनमधील स्वयंचलित नियमही याच जातीचा असतो. ‘जेव्हा अमुक घडेल, तेव्हा तमुक कर’, एवढेच त्याचे व्याकरण. घडणारी गोष्ट म्हणजे घड्याळातील वेळ, एखादे ठिकाण, दुकानातील वाय-फायशी जोडणी, गाडीतील ब्लूटूथ किंवा बॅटरीची खाली आलेली पातळी. करावयाची गोष्ट म्हणजे आवाज कमी करणे, पडद्याचा उजेड मंद करणे, बॅटरीची बचत सुरू करणे, नकाशा उघडणे.

ही सोय आता सर्वसामान्य फोनांत आली आहे. ॲपलने २०१७ मध्ये ‘वर्कफ्लो’ नावाचे ॲप विकत घेतले, २०१८ मध्ये त्याचे ‘शॉर्टकट्स’ केले आणि २०१९ पासून त्यात वेळ-ठिकाण पाहून आपोआप चालणारे नियम दिले. सॅमसंगने २०१९ मध्येच ‘बिक्सबी रुटीन्स’ आणले; २०२२ पासून ते ‘मोड्स अँड रुटीन्स’ या नावाने सेटिंग्जमध्ये दिसते. इतर अँड्रॉइड फोनांत नावे आणि जागा थोड्या वेगळ्या असतात. म्हणून सेटिंग्ज उघडून वरच्या शोधाच्या चौकटीत ‘डू नॉट डिस्टर्ब’, मराठी भाषा निवडली असल्यास ‘व्यत्यय आणू नका’, असे लिहावे. यादी धुंडाळत बसण्यापेक्षा हा मार्ग जवळचा.

मात्र बॉलकॉकपेक्षा फोनच्या नियमाला दोन गोष्टी अधिक लागतात. नियम केव्हा संपेल, हे ठरवावे लागते. आणि तो कोणाला लागू नाही, हेही ठरवावे लागते. नियम उपयोगी पडतो की अडचणीत टाकतो, ते बहुधा या दोन गोष्टींवरच ठरते.

पहिला नियम रात्रीचा

आरंभ रात्रीपासून करावा. ‘डू नॉट डिस्टर्ब’मध्ये ‘शेड्यूल’ अशी सोय असते. तेथे झोपेची वेळ, समजा रात्री १० ते सकाळी ५:३०, आणि आठवड्याचे वार निवडावेत. दहा वाजता फोन शांत होईल आणि साडेपाचला आपोआप पूर्ववत होईल. आयफोनमध्ये हेच काम ‘फोकस’ या विभागात होते.

यानंतर अपवादांकडे वळावे. अँड्रॉइडमध्ये संपर्कयादीतील निवडक नावांना तारांकित करता येते आणि फक्त त्यांचे फोन वाजू द्यावेत, असे सांगता येते. आयफोनमध्ये तशी माणसे ‘फोकस’मध्येच निवडता येतात. आई-वडील, मुले, बाहेरगावी दिलेली लेक, गोदामाचा रखवालदार, घरचे डॉक्टर अशी सात-आठ नावे पुरेत. यादी वीस-पंचवीस नावांची झाली की नियमाला अर्थ उरत नाही.

अनोळखी क्रमांकावरून खरोखरीच तातडीचा फोन आला तर काय, अशी शंका येईल. त्यासाठी ‘पुन्हा फोन करणारे’ ही सोय असते. अँड्रॉइडमध्ये एकाच क्रमांकावरून पंधरा मिनिटांच्या आत दुसऱ्यांदा फोन आला, तर तो वाजतो. आयफोनमध्ये ही मुदत तीन मिनिटांची आहे. घरातील सर्वांना हे सांगून ठेवावे: ‘रात्री काही निकड असेल तर लगेच दुसऱ्यांदा फोन लावा.’ हे एक वाक्य घरात ठाऊक असले, की फोन शांत ठेवून झोपण्याची भीती बरीच ओसरते. सकाळचा गजर अपवादांत आहे ना, तेही पहिल्याच दिवशी पाहून घ्यावे.

दुकानाचा नियम

दुकानात गरज उलट असते. रस्त्याचा गोंगाट आणि गिऱ्हाइकांची वर्दळ यांत रिंग ऐकू यावी म्हणून आवाज मोठा हवा. घरी आल्यावर तोच आवाज कर्कश वाटतो. येथे ठिकाणाचा नियम उपयोगी पडतो. सॅमसंगच्या फोनमध्ये ‘रुटीन’ तयार करताना ‘इफ’ या भागात दुकानाचे वाय-फाय निवडावे आणि ‘देन’ या भागात रिंगचा आवाज पूर्ण करावा. जोडणी तुटली, म्हणजे आपण दुकानातून निघालो, की नियम संपतो आणि आवाज पूर्वीच्या पातळीवर येतो. गूगलच्या पिक्सेल फोनमध्येही वाय-फाय किंवा ठिकाण ओळखून रिंग बदलणारे ‘रूल्स’ आहेत.

उपग्रहाच्या आधारे ठिकाण ओळखण्यापेक्षा वाय-फायची खूण घेणे बरे. बॅटरी कमी खर्च होते. मात्र आपल्याकडची एक अडचण ध्यानात घ्यावी. वीज गेली की राउटर बंद पडतो आणि आपण गादीवरच बसलेले असताना फोन समजतो की मालक बाहेर गेले. राउटरला बॅटरीचा आधार नसेल, तर वाय-फायऐवजी वेळेचा नियम करावा: सकाळी १० ते रात्री ८ आवाज मोठा, आणि साप्ताहिक सुटीचा वार वगळलेला.

गाडीच्या ब्लूटूथला फोन जोडला जाताच संदेशांचे आवाज बंद व्हावेत, बॅटरी २० टक्क्यांवर येताच बचत सुरू व्हावी, हे नियम खरेदीसाठी वारंवार प्रवास करणाऱ्यांच्या कामाचे आहेत. यूपीआयने आलेल्या रकमेची घोषणा फोनवरूनच ऐकत असाल, तर ते ॲप अपवादांत घालण्यास विसरू नये. दुकानात वेगळा साउंडबॉक्स असेल तर हा प्रश्न येत नाही.

सामायिक आणि सूर्यास्त

आपल्या घरांतील दिनक्रमाला काही वेळा नेमून दिलेल्या आहेत, आणि येथे फोनची ही शिस्त विशेष उपयोगी पडते. सामायिकाचा काळ ४८ मिनिटांचा, म्हणजे दोन घटकांचा. जे रोज ठरलेल्या वेळी सामायिक करतात त्यांनी सकाळी ६:३० ते ७:२० असे शेड्यूल करून ठेवावे. ज्यांची वेळ बदलते त्यांनी बसण्यापूर्वी ‘डू नॉट डिस्टर्ब’ एका तासासाठी सुरू करावे; अशी मुदतीची निवड अँड्रॉइड आणि आयफोन दोहोंत असते. दोन्ही प्रकारांत लाभ एकच. उठल्यानंतर आठवणीने काही करावे लागत नाही, आणि बसले असताना ‘फोन शांत केला होता का’ हा विचार मनात डोकावत नाही.

पर्युषणाच्या आठ दिवसांसाठी किंवा दशलक्षणाच्या दहा दिवसांसाठी प्रवचनाच्या वेळेचा वेगळा नियम करता येईल. तो मात्र पर्व संपताच बंद करावा. अन्यथा पुढे महिनोन्‌महिने त्या वेळी फोन मुका होत राहील आणि कारण कोणाच्या ध्यानात येणार नाही.

चौविहार पाळणाऱ्यांची अडचण निराळी. सूर्यास्ताची वेळ रोज थोडी थोडी सरकते. मुंबईत नोव्हेंबरअखेर सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, तर जुलैच्या आरंभी सव्वासातनंतर. त्यामुळे एकदा लावलेला गजर वर्षभर चालत नाही. आयफोनच्या ‘शॉर्टकट्स’मध्ये ‘ऑटोमेशन’ करताना वेळेच्या जागी ‘सूर्यास्त’ निवडता येतो आणि त्यापूर्वी किती वेळ, तेही सांगता येते. सूर्यास्तापूर्वी पाऊण तास सूचना येईल असा नियम केला, की फोन ऋतुमानाप्रमाणे स्वतःच वेळ बदलत राहतो. दुकानातून घरी पोहोचण्यास लागणारा वेळ धरून ही आगाऊ मुदत ठरवावी. नियम तयार करताना ‘लगेच चालवा’ हा पर्याय निवडावा. नाहीतर फोन दर वेळी आधी परवानगी विचारत बसेल.

आयफोनचा आणखी एक स्वभाव येथेच सांगितला पाहिजे. ‘फोकस’चे शेड्यूल वेळ संपताच आपोआप मागे घेतले जाते, ‘शॉर्टकट्स’मधील ऑटोमेशनने केलेला बदल मात्र तसाच राहतो. ऑटोमेशनने आवाज कमी केला असेल, तर तो पुन्हा वाढवण्यासाठी दुसरा नियम करावा लागतो.

काय सोपवू नये

नवा मुनीम ठेवला की पहिल्या दिवशी त्याच्या हाती तिजोरीच्या किल्ल्या कोणी देत नाही. त्याला आधी अशी कामे देतात की चूक झाली तरी ती निस्तरता येईल. फोनच्या बाबतीतही हाच विवेक ठेवावा. आवाज, उजेड, बॅटरी, वेळ या गोष्टी मागे घेता येतात. त्या खुशाल सोपवाव्यात. पाठवलेला पैसा आणि पाठवलेला शब्द सहजी मागे घेता येत नाहीत. म्हणून रक्कम भरणे, किंवा गिऱ्हाइकाला आपल्या नावाने आपोआप उत्तर पाठवणे, ही कामे स्वतःच्या बोटाखालीच राहू द्यावीत.

अँड्रॉइडवर ‘टास्कर’, ‘मॅक्रोड्रॉइड’ यांसारखी अधिक सामर्थ्याची ॲप आहेत. अशा ॲपना काही कामांसाठी ‘ॲक्सेसिबिलिटी’ ही परवानगी लागते. ही परवानगी मिळालेले ॲप पडद्यावरचे वाचू शकते आणि आपल्या वतीने बटणेही दाबू शकते. फसवणूक करणारी ॲप हीच परवानगी आणि एसएमएस वाचण्याची परवानगी मागतात, कारण बँकेचा ओटीपी बहुधा एसएमएसने येतो. म्हणून या लेखातील नियमांसाठी फोनमधील मूळ सोयीच वापराव्यात. व्हॉट्सॲपवर आलेल्या फायलीतून कोणतेही ॲप घेऊ नये, पाठवणारा ओळखीचा असला तरी. पैशांची ऑनलाइन फसवणूक झालीच, तर विलंब न लावता १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर कळवावे.

घरात शिकवताना

बहुतेक घरांत हे काम नातवंडांकडे येते. नातू आजोबांच्या हातातून फोन घेतो, अर्ध्या मिनिटात काहीतरी करतो आणि ‘झालं आजोबा’ म्हणून परत देतो. काम होते, पण आजोबांना काही कळत नाही. पुढच्या वेळी ते पुन्हा नातवाची वाट पाहतात. ज्यांनी आयुष्यभर पेढी स्वतःच्या अकलेवर चालवली, त्यांना खिशातील यंत्रासाठी असे ताटकळणे मनातून लागते. ते बोलून दाखवत नाहीत, एवढेच. तेव्हा शिकवणाऱ्याने फोनला हात लावू नये. बोटाने दाखवावे, आणि बटण आजोबांनाच दाबू द्यावे. एका बैठकीत एकच नियम. तो केल्यावर घरातूनच फोन लावून पाहावा: तारांकित क्रमांकावरून वाजतो का, इतरांचा थांबतो का, वेळ संपल्यावर पूर्ववत होतो का. डोळ्यांदेखत झालेल्या परीक्षेमुळे जो विश्वास बसतो, तो नुसत्या सांगण्याने बसत नाही.

केलेले नियम वहीच्या एका पानावर लिहून ठेवावेत: कोणता नियम, केव्हापासून, कोणाला अपवाद. नवा फोन घेतल्यावर ते पुन्हा करावे लागण्याची शक्यता असते, आणि फोन विचित्र वागू लागला तर प्रथम हेच पान पाहावे. दिवाळीत वह्या बदलताना या यादीवरूनही एकदा नजर फिरवावी. कालबाह्य नियम काढावेत, अपवादांतील नावे तपासावीत.

आरंभास तीन नियम पुरेसे आहेत: रात्रीचा, दुकानाचा आणि आपल्या उपासनेचा किंवा जेवणाचा. आठवडाभर पहिला वापरावा, तो अंगवळणी पडला की दुसरा करावा. आज रात्री जेवण आटोपल्यावर, किंवा चौविहार असेल तर दिवेलागणीनंतर, घरातील सर्वांनी एकत्र बसून तारांकित करावयाची सात-आठ नावे ठरवावीत. कोणाचा फोन मध्यरात्रीही वाजलाच पाहिजे, हे ठरवणे हेच या कामातील खरे अवघड काम आहे, आणि ते यंत्र आपल्यासाठी करू शकत नाही.