मावशींचा तिसरा डोस
वापरलेली सुई टोचते ती डॉक्टर-सिस्टरांनाच, असा समज आहे. पण खाटेवरची चादर ओढून काढणाऱ्या मावशी आणि कचऱ्याची पिशवी बांधणारे मामा यांच्याही हातात ती घुसते. चादरीच्या घडीत राहिलेली सुई हातमोजा भेदते, रक्ताचा थेंबही दिसत नाही आणि मावशी बोट झटकून पुढच्या खाटेकडे जातात.

त्या सुईवर हिपॅटायटिस बीच्या रुग्णाचे रक्त असेल आणि मावशींनी लस घेतलेली नसेल, तर संसर्गाची शक्यता 6 ते 30 टक्के असते. एचआयव्हीसाठी हाच आकडा 0.3 टक्क्यांच्या आसपास आहे. शिवाय हिपॅटायटिस बीचा विषाणू वाळलेल्या रक्तातही निदान सात दिवस तग धरतो. ज्या एचआयव्हीला सगळे घाबरतात, त्यावर लस नाही, यावर आहे. 1997 मध्ये हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने ती देशातच तयार केली आणि ती परवडू लागली. 2016 च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार, असा कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस देणे ही रुग्णालयाची जबाबदारी आहे. मावशी कंत्राटदाराच्या, म्हणून त्यांना यादीतून वगळणे मला अजिबात पटत नाही. सुई कुणाची नोकरी कायम आहे ते पाहत नाही.

लसीत विषाणू नसतोच. त्याच्या बाहेरच्या आवरणातले एकच प्रथिन यीस्टच्या पेशींकडून बनवून घेतलेले असते, त्यामुळे लसीतून कावीळ होऊच शकत नाही. शरीर त्या प्रथिनाची ओळख पटवून घेते आणि प्रतिपिंडे तयार करते. पहिल्या डोसनंतर एक महिन्याने दुसरा आणि पहिल्यापासून सहा महिन्यांनी तिसरा डोस. इंजेक्शन दंडाच्या स्नायूतच द्यायचे. कमरेत दिले तर लस चरबीत अडकते आणि परिणाम कमी होतो. बाटली 2 ते 8 अंशांत ठेवायची. बर्फाच्या कप्प्याला चिकटून ती गोठली, तर वितळल्यावर वरून ठीक दिसली तरी फेकून द्यायची.

पहिल्या दिवशी रांग लागते. दुसऱ्या डोसलाही बहुतेक जण येतात. घोटाळा होतो तो तिसऱ्याला. पाच महिन्यांच्या अंतरात मावशी गावी जातात, कंत्राट बदलते, इन्चार्ज सिस्टरची बदली होते आणि वही कपाटात राहते. आमच्याकडच्या एक मावशी तब्बल वर्षाने आल्या. "सिस्टर, आता परत पहिल्यापासून का हो?" "नाही मावशी, राहिलेला तेवढाच घ्यायचा. दंड सैल सोडा." उशीर झाला म्हणून आधीचे डोस वाया जात नाहीत. म्हणून पहिल्याच दिवशी तिन्ही तारखा ड्युटीच्या तक्त्यात लिहाव्यात आणि प्रत्येकाला स्वतःचे कार्ड द्यावे. वही रुग्णालयाची असते, कार्ड माणसाबरोबर जाते.

तिसऱ्या डोसनंतर एक ते दोन महिन्यांनी रक्त तपासून प्रतिपिंडांची पातळी पाहायची. बोलताना सगळे तिला 'टायटर' म्हणतात. ती 10 किंवा जास्त आली, की संरक्षण मिळाले. दहा निरोगी माणसांत एखाद्याला ते मिळत नाही. चाळिशी ओलांडलेल्या, धूम्रपान करणाऱ्या, स्थूल किंवा मधुमेही व्यक्तींत हे प्रमाण वाढते. ज्यांना संरक्षण मिळाले नाही, त्यांना तीन डोस पुन्हा द्यायचे आणि पुन्हा टायटर करायचा. तरीही पातळी आली नाही, तर आधीपासूनच संसर्ग आहे का हे बघायचे. तो निघाला तरी नोकरीवरून काढण्याचे कारण नाही. एका ताटात जेवल्याने हा आजार पसरत नाही आणि 2018 पासून राष्ट्रीय कार्यक्रमात त्याची तपासणी व औषधे मोफत आहेत.

टायटरचा खर्च वाचवण्याकडे पुष्कळांचा कल असतो. मी मात्र त्यासाठी भांडते. काही वर्षांनी पातळी खाली येते हे खरे, पण एकदा 10 ची नोंद झाली असेल, तर निरोगी माणसाला बूस्टर लागत नाही. पेशींना शत्रू आठवतो आणि विषाणूला आजार करायला एक ते सहा महिने लागतात, तेवढ्यात त्या तयार होतात. रात्री दोन वाजता सुई टोचल्यावर तीच नोंद कामी येते.

अशा वेळी जखम साबण-पाण्याने धुवायची, बोट दाबायचे नाही, तोंडात घालायचे नाही, लगेच सांगायचे. लस झालेली नसेल, तर शक्यतो 24 तासांत तयार प्रतिपिंडांचे महागडे इंजेक्शन एका दंडात आणि लसीचा पहिला डोस दुसऱ्या दंडात. ते इंजेक्शन लहान गावात चटकन मिळत नाही.

वर्षाने तिसरा डोस घेतलेल्या त्या मावशींना पुढच्याच पावसाळ्यात रात्रपाळीत सुई टोचली. एचआयव्ही आणि हिपॅटायटिस सीच्या तपासण्या करायच्याच होत्या, त्या आम्ही पाठवल्या. हिपॅटायटिस बीचे विचारल्यावर मावशींनी पिशवीतून रेशनकार्डाच्या प्लास्टिकमध्ये जपलेले कार्ड काढून पुढे केले. तीन तारखा आणि खाली टायटर 148. त्या आजारासाठी आणखी काहीच करायचे नव्हते. मावशींनी कार्ड परत प्लास्टिकमध्ये सरकवले.